माश्या मारणारी माणसं

दक्षिण इंग्लंडात हॅम्पशायर नावाची काउंटी आहे. तिथे मे महिन्यातल्या एखाद्या स्वच्छ दुपारी नदीकाठच्या गवतातून पासष्टीचा एखादा गृहस्थ कोपरांवर सरकत पुढे चाललेला दिसला, तर धावत जाऊ नका. त्याला काही झालेलं नाही. तो निवृत्त न्यायाधीश असेल, नाहीतर हृदयविकारतज्ज्ञ. घरी गुडघे दुखतात म्हणून खाली वाकून वर्तमानपत्रही उचलत नसेल. पण इथून दहा-बारा हातांवर, कमरेइतक्याही खोल नसलेल्या पाण्यात एक मासा उभा आहे. मासा त्याला दिसला आहे, आणि तो माशाला दिसलेला नाही. ही परिस्थिती आणखी पाच मिनिटं टिकावी, एवढंच त्याचं देवाकडे मागणं आहे.

याला साइट फिशिंग म्हणतात. आधी मासा डोळ्यांनी शोधायचा, तो पसंत करायचा, आणि मग त्याच माशाच्या मागे लागायचं. गळ टाकून, बिडी पेटवून, नशिबाची वाट पाहत बसणं इथे हलक्या दर्जाचं समजतात. मासा म्हणजे ट्राउट, त्यातही ब्राउन ट्राउट: अंगाने पिवळसर तपकिरी, त्यावर काळे आणि तांबडे ठिपके. आमिषाला गांडूळ लावण्याचं तर नावसुद्धा काढायचं नाही. काढलंत तर लोक तुमच्याशी सभ्यपणे बोलत राहतील, पण पुन्हा बोलावणार नाहीत. इथे गळाला पिसं आणि धागे गुंडाळून केलेली खोटी माशी लावतात. ती पाण्यावर तरंगली तर ड्राय फ्लाय. पाण्याखालून गेली आणि पंख न फुटलेल्या माशीच्या पिल्लासारखी दिसली तर निम्फ. दोन्हींमध्ये अंतर असतं ते पाण्याच्या चार बोटांचं. त्या चार बोटांवरून इंग्लंडातली शहाणीसुरती माणसं पिढ्यान्‌पिढ्या भांडली आहेत.

हे सगळं मला माहीत असण्याचं कारण माझा भाचा. तो बेझिंगस्टोकला एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. तिथून गाडीने थोडं पश्चिमेला गेलं की ओव्हरटन लागतं, आणि ओव्हरटनजवळ टेस्ट नदी उगम पावते. ही नदी जवळ आहे हे घर घेताना त्याला ठाऊक नव्हतं, असं तो सांगतो. भाचेसुनेचा यावर विश्वास नाही.

टेस्ट, तिची शेजारीण इचेन, विल्टशायरमधली एव्हन या सगळ्या खडूच्या नद्या. पाऊस पडतो तो खडूच्या डोंगरात मुरतो, आत महिनोन्‌महिने मुक्काम करतो आणि गाळून निघून झऱ्यांतून बाहेर येतो. त्यामुळे पाण्याला पूर माहीत नाही, गढूळपणा माहीत नाही. उगमापाशी पाणी बारा महिने दहा-अकरा अंशांचं असतं. पाणी इतकं नितळ, की काठावरून माशाच्या अंगावरचे ठिपके मोजता येतात. जगातल्या अशा बहुतेक नद्या एकट्या इंग्लंडच्या वाट्याला आल्या आहेत. तेव्हा मासा आधी बघून मग पकडायची कल्पना इथे मूळ धरावी यात नवल नाही. आपल्याकडे आषाढातल्या वाशिष्ठीत साइट फिशिंग करायचं म्हटलं तर मासा सोडाच, स्वतःचा पाय दिसणार नाही.

टेस्टवर स्टॉकब्रिज नावाचं गाव आहे. गाव कसलं, एक लांबरुंद रस्ता आणि त्याखालून वाहणारे नदीचे फाटे. रस्त्याच्या कठड्यावर ओणवं झालं की खाली दोन-दोन किलोंचे ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, शेपटी जेमतेम हलवत, जागच्या जागी उभे असतात. पोरंबाळं त्यांना पाव टाकतात. मासेही तो मजेत खातात, आरडाओरड्याकडे ढुंकून बघत नाहीत. त्याच गावात हॉटन क्लब आहे, १८२२ सालापासूनचा. सभासद पंचविसेक. जागा रिकामी होण्याचा मार्ग बहुधा एकच. त्या पंचवीस जणांच्या पाण्यात मासा बुटाच्या आवाजाने पसार होतो, आणि रस्त्याखाली त्याचाच सख्खा भाऊ आइस्क्रीमच्या कोनाची वाट पाहत उभा असतो. हा विरोधाभास मी भाच्याच्या नजरेला आणून दिला. तो म्हणाला, "मामा, ते वेगळे." बाकीच्या नद्यांवर दिवसाच्या परवान्याचे काहीशे पौंड मोजले की तुम्हीही वेगळ्या माशांपुढे सरपटू शकता.

आता माशाची बाजू. ट्राउट प्रवाहाच्या उलट तोंड करून उभा राहतो, कारण जेवण वरच्या बाजूने वाहत येतं. पाठीमागचं त्याला दिसत नाही. म्हणून मागून यायचं, आणि माशी त्याच्या डोक्यावरून पुढे टाकायची. वरचं जग तो पाहतो ते एका गोल खिडकीतून. हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंतचं अख्खं आकाश ९७ अंशांच्या शंकूत दाबून बसवलेलं असतं. मासा फूटभर खोल असेल तर ही खिडकी सव्वादोन फूट रुंद. तिच्या बाहेर सगळा आरसा, त्यात नदीचाच तळ उलटा दिसतो. काठावर ओणवा बसलेला माणूस त्या खिडकीच्या अगदी कडेला चेपून जातो आणि माशाच्या लेखी जवळपास नाहीसा होतो. तोच उभा राहिला की सगळं संपलं. बारावीला स्नेलचा नियम घोकताना मास्तरांनी हा उपयोग सांगितला असता, तर वर्गातले निम्मे जण फिजिक्सला लागले असते.

त्यामुळे नदीवर निघायच्या आदल्या रात्री मला सूचना आल्या. पांढरा शर्ट घालायचा नाही. चमकणारं घड्याळ नको. काठावर पाय आपटायचे नाहीत, कारण जमिनीतून गेलेला हादरा माशाला अंगावर समजतो. पोलराइज्ड चष्मा लावायचा, म्हणजे पाण्यावरची चकाकी मारली जाते. हवेतला आवाज पाण्यात फारसा उतरत नाही, तेव्हा बोलायला तशी काही हरकत नाही. हे सगळं भाचा मला कुजबुजत सांगत होता, आणि आम्ही त्याच्या दिवाणखान्यात बसलो होतो.

प्रत्यक्ष नदीवर पहिला बराच वेळ मला मासा दिसेना. "तो बघ, शेवाळाच्या डावीकडे," भाचा म्हणायचा. मला शेवाळ दिसायचं, डावीकडही दिसायची. मासा बघायचाच नसतो, हे रहस्य नंतर उलगडलं. तळावर पडलेली सावली बघायची. सावली सापडली की तिच्यावर अधांतरी काहीतरी असतं, आणि त्या काहीतरीला हळूहळू शेपटी फुटते. एकदा दिसला की मग तो दिसतच राहतो. आपल्याला इतका वेळ कसा दिसला नाही, असं वाटून आपण शेजाऱ्याला "तो काय!" म्हणून खिजवायला मोकळे.

भाच्याने काठी उचलली, दोर हवेत दोन-तीनदा मागेपुढे खेळवला आणि माशी सोडली. करंगळीच्या नखाएवढी माशी कापसासारखी उतरली आणि वाहत खाली येऊ लागली. मासा तिरका होत वर आला. माशीच्या बरोबर खाली, नाक तिच्यापासून बोटभर अंतरावर ठेवून, तिच्याच वेगाने तो उलटा मागे वाहू लागला. हात, दोन हात, तीन हात. एवढा वेळ तर मी टोमॅटोही पारखून घेत नाही. मग त्याने तोंड न उघडताच मान वळवली आणि तो आपल्या जागी परत गेला. घाई नाही, भीती नाही. "चालू दे तुमचं," असा एकंदर भाव.

कुठे माशी शिंकली, यावर पुढे अर्धा तास संशोधन झालं. दोर प्रवाहात ओढला गेला असेल, त्याने माशी केसभर घसरली असेल. माशी एक नंबर मोठी असेल. धागा ०.१५ मिलिमीटर जाडीचा होता, तो ०.१२ चा हवा होता. भाच्याच्या छातीवरच्या डबीत दीडएकशे माश्या होत्या, त्यांतली एक निवडताना त्याच्या चेहऱ्यावर जी चिंता होती, ती त्याने मुलगी बघायला जाताना दाखवली नव्हती.

या चिंतेचे आद्य आचार्य म्हणजे फ्रेडरिक हॅलफर्ड. जन्म १८४४. घरचा कापडधंदा, त्यात बक्कळ पैसा, आणि पंचेचाळिशीच्या आसपास धंदा सोडून हा माणूस पूर्णवेळ ट्राउटच्या मागे लागला. १८८६ मध्ये तरंगत्या माश्या कशा बांधाव्या यावर त्याचं पुस्तक आलं, १८८९ मध्ये शास्त्र आणि प्रयोगावर दुसरं. त्याचा नियम असा: मासा पृष्ठभागावर येऊन माशी खाताना दिसला पाहिजे. दिसल्यावर त्याच्या खालच्या बाजूने जाऊन, प्रवाहाच्या वरच्या दिशेने, कोरडी माशीच टाकली पाहिजे. मासा वर येत नसेल तर काठावर बसून राहा. हॅलफर्डने हे स्वतःपुरतं सांगितलं असेलही. शिष्यांनी त्याचं सोवळं केलं. आमच्या आजीचं सोवळं उंच काठीवर वाळत असायचं, त्याला कोणी शिवलं की संपलं. ड्राय फ्लायचं तसंच: तीही हवेत वाळवायची, तिला तेल लावायचं, आणि ती जरा बुडाली की विटाळ. त्या काळी काही नद्यांवर बुडती माशी लावणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघत, ती नजर मला ओळखीची आहे. कांदा घातलेल्या आमटीकडे बघताना आजीची तीच असायची.

या सोवळ्यात पहिला पाय टाकला जॉर्ज स्क्यूज याने. हा लंडनमधला सॉलिसिटर, ब्रह्मचारी, नजरेने अधू. १८८३ पासून विंचेस्टरजवळ ॲबट्स बार्टनला इचेन नदीवर येत असे. एकदा त्याची कोरडी माशी भिजून बुडाली आणि तिथेच माशाने ती घेतली. दुसरा कोणी असता तर ओशाळून इकडेतिकडे पाहिलं असतं. स्क्यूज वकील. त्याने साक्षीदार तपासायचं ठरवलं. हाडातली मज्जा काढायचा लांब चमचा मेलेल्या माशाच्या घशात घालून त्याने पोटातला ऐवज बाहेर काढला आणि पाण्याच्या बशीत पसरून बघितला. त्यात निम्फच निम्फ होत्या. ट्राउट जेवतो त्यातलं बहुतेक पाण्याखालीच जेवतो. वर येऊन माशी टिपतो ते आपल्याला दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं की तो तेवढंच खातो.

पोटं हॅलफर्डनेही तपासली होती, आणि बारकाईने. पण त्याला पोटात काहीही सापडलं तरी पोथी बदलायची नव्हती. मी या वादात उघडउघड स्क्यूजच्या बाजूचा आहे. १९१० साली दोघांचीही पुस्तकं आली. हॅलफर्डने ड्राय फ्लायच्या ३३ माश्या नेमून दिल्या, म्हणजे आपल्या कोटींच्या मानाने आटोपशीरच. आणि स्क्यूजने नम्रपणे सुचवलं की मासा वर येत नसेल तर आपण जरासं खाली गेलं तर काय बिघडलं? बिघडलं ते पुढची अठ्ठावीस वर्षं बिघडतच राहिलं.

स्क्यूजला विनोदबुद्धी होती, आणि हा त्याच्या विरोधकांना सर्वांत जड जाणारा गुण. डेव्हन परगण्यातल्या टिव्हर्टनच्या ऑस्टिन नावाच्या तंबाखूवाल्याने एक अप्रतिम माशी बांधली होती. तिचं बारसं स्क्यूजने केलं: 'टप्स इंडिस्पेन्सेबल'. टप म्हणजे एडका. माशीच्या अंगावरची मलईसारखी गुलाबी छटा यायला एडक्याची लोकर लागे, आणि ती त्याच्या ज्या अवयवावरची असावी लागे त्यावाचून एडक्याचं खरोखरच चालत नाही. कृती बरीच वर्षं गुप्त होती. ऑस्टिननंतर त्याची मुलगी या माश्या बांधून विकत असे. किती सर आणि लॉर्ड ती लोकर टोपीला टोचून चर्चला जात असतील याचा विचार मी अधूनमधून करतो.

फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात रीतसर वादसभा भरली. विषय: खडूच्या नद्यांवर निम्फ वापरणं उचित की अनुचित. हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरायला महिना उरला होता. लंडनमध्ये मान्यवर उठून उभे राहत होते आणि पाण्याखाली चार बोटांवर काय चालावं याविषयी गंभीरपणे बोलत होते. स्क्यूज एकोणऐंशी वर्षांचा, समोर बसून सगळं ऐकत होता. सभेचा सूर त्याच्या विरुद्धच राहिला. त्याच वर्षी, पंचावन्न वर्षांनी, त्याने ॲबट्स बार्टनचं पाणी सोडलं. आणि पुढच्याच वर्षी निम्फवर आख्खं नवं पुस्तक काढलं. ऐंशीव्या वर्षी चिडलेला वकील कसा असतो ते यावरून समजावं.

त्याच्या एका कथेत एक पट्टीचा मासेमार मरतो. त्याला सुंदर नदी मिळते, उत्तम काठी मिळते, आणि प्रत्येक फेकीला मासा लागतो, तोही दरवेळी तसाच, त्याच जागी. जागा बदलायची म्हटलं तर परवानगी नाही, थांबायचं म्हटलं तरी नाही. आपण स्वर्गात नाही हे बिचाऱ्याच्या उशिरा लक्षात येतं. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली तेव्हा तो हसला नाही. "प्रत्येक फेकीला?" एवढंच त्याने विचारलं.

निम्फला शेवटी प्रतिष्ठा मिळवून दिली ती एका नोकरमाणसाने. फ्रँक सॉयर हा एव्हन नदीवर लष्करी अधिकाऱ्यांच्या पाण्याचा राखणदार. नदी साफ करायची, काठ राखायचे, साहेबांना मासे दाखवायचे, हे त्याचं काम. त्याने फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं पीस आणि तांब्याची बारीक तार, एवढ्या दोनच वस्तूंतून निम्फ केली. १९५८ च्या त्याच्या पुस्तकानंतर ती जगभर गेली. भाचा ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बांधतो. टेबलाच्या कडेला एक छोटा शिकंजा, त्यात गळ. गळावर तांब्याची तार गुंडाळून खांद्यापाशी फुगवटा काढायचा. पिसाच्या चार कुसळ्या घेऊन त्यांची टोकं मागे शेपटी म्हणून ठेवायची, उरलेल्या तारेला पीळ घालून वर चढवत न्यायच्या, आणि फुगवट्यावरून पुढेमागे दुमडायच्या. धागा नाही, पाय नाहीत. पोहताना निम्फ पाय पोटाशी घेते, मग द्यायचे कशाला, असं सॉयरचं म्हणणं. तांब्याचं वजन तिला खाली नेतं, आणि पिसातून किंचित तांबूस चमकतंही. दोन मिनिटांत काम. मग भाचेसून ओल्या फडक्याने टेबल पुसते आणि पोळपाट मांडते. त्यांच्या घरी पोळीत एकदा तार निघाली होती, असं नात म्हणते. भाचा म्हणतो ती पालकाची शीर होती.

इंग्रज जिथे गेले तिथे ट्राउट घेऊन गेले, तेही अंडी शेवाळात गुंडाळून, बर्फात पुरून. १८६४ मध्ये टास्मानियाला, तिथून न्यूझीलंडला. १९०० मध्ये काश्मीरला. निलगिरीलाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मासा मोठा, संख्येने कमी आणि पाणी काचेसारखं, त्यामुळे तिथे बघितल्याशिवाय मारणं म्हणजे पाण्याला मारणं. त्या देशात ट्राउट विकणं बेकायदेशीर आहे. पकडा, खा, पण बाजारात मिळणार नाही. ही माहिती मी मालवणला बहिणीला फोनवर दिली. ती म्हणाली, "मग ते लोक आठवडाभर काय खातात?" तिचा मुलगा तर पकडलेले मासे पाण्यातच गळ काढून सोडून देतो, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. वय झालंय तिचं.

मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला मेफ्लाय नावाची मोठी माशी निघते. बिचारी सुमारे दोन वर्षं गाळात काढते, मग पंख फुटतात, आणि त्यानंतर जेमतेम दिवस-दोन दिवस. तेवढ्यात लग्न उरकायचं. तोंड निकामी, त्यामुळे जेवण नाही. आपल्याकडच्या कुठल्याही लग्नात हे चाललं नसतं. मासे मात्र तिच्यावर असे तुटून पडतात की कोणीही, कशीही माशी टाकली तरी सापडतात, म्हणून त्या दिवसांना तिथले लोक 'ढ मंडळींचा पंधरवडा' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. त्यानंतर मासा सुस्तावतो, वर यायचं नाव घेत नाही. आणि इथे भाच्याची खरी परीक्षा सुरू होते, कारण त्याच्या क्लबाचा नियम असा: ३० जूनपर्यंत फक्त ड्राय फ्लाय. निम्फ १ जुलैपासून. असे नियम तिकडे अजून पुष्कळ ठिकाणी आहेत.

३० जूनला मी त्याच्याबरोबर होतो. पुलाखाली एक चांगला गलेलठ्ठ ट्राउट हातभर पाण्याखाली इकडून तिकडे झुलत निम्फ टिपत होता. प्रत्येक वेळी त्याच्या तोंडाची पांढरी आतली बाजू क्षणभर चमकायची. भाच्याची ड्राय फ्लाय त्याच्या डोक्यावरून वारंवार जात होती आणि तो वर बघतही नव्हता. भाचा क्लबच्या कमिटीबद्दल, हॅलफर्डबद्दल आणि एकूण ब्रिटिश साम्राज्याबद्दल जे बोलला ते छापण्यासारखं नाही. आसपास चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, "निम्फची डबी खिशात आहे ना? लाव की. कोण बघतंय?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी सत्यनारायणाच्या पूजेत चप्पल घालून शिरलोय.

"उद्या," तो म्हणाला. "उद्या सकाळी आठला बघ काय करतो त्याचं."

दुसऱ्या दिवशी आठच्या आधीच आम्ही पुलापाशी होतो. मासा तिथेच होता, तेच करत होता. भाच्याने सॉयरची निम्फ बाहेर काढली, तळहातावर ठेवली, उलटसुलट करून पाहिली, आणि परत डबीत ठेवली.

"काय झालं? आज चालते ना?"

"चालते रे. पण आधी एकदा ड्राय टाकून बघतो. वर आला तर मजा वेगळी."

दीडच्या सुमाराला मी सावलीत बसून डबा उघडला. भाचेसुनेने पोळी आणि बटाट्याची भाजी दिली होती. पुलापाशी भाचा अजून आधी एकदा ड्राय टाकून बघत होता.